मुकी मोटर

“हॅलो? … हॅलो? … कोण? दादू? अरे, ऐकू येतंय का? … हॅलो?”

या मंडळी, पुढं सरका, अशी भिंत धरून बसू नका. बुवा अजून उपरणं सावरतायत, पेटीचा सूर लागायचाय. तेवढ्यात एक गोष्ट सांगून होईल. पुराणातली नाही, आपल्याच रत्नागिरीतली. हा जो हॅलो हॅलो करतोय ना, तो रत्नागिरीशेजारच्या मिरजोळ्याचा महिपतशेठ, भातगिरणीचा मालक; दादू त्याचा गिरणीतला गडी. देवभोळा, हौशी, कीर्तनाच्या नादानं गावोगाव फिरणारा. त्या काळी आपल्याकडं मोटरी बोटावर मोजाव्यात एवढ्याच, आणि या गृहस्थानं मुंबईहून आगबोटीनं आणलीन ती विजेवर चालणारी! कशासाठी, तर पेट्रोलच्या धुरानं कीर्तनकार भिकाजीबुवांचा घसा बसतो म्हणून. हिला ना धूर, ना आवाज. लोक तिला मुकी मोटर म्हणत. रात्रभर गिरणीचं इंजिन चालवून तिच्या पोटात वीज भरायची, तेव्हा ती पालीला जाऊन परत येण्यापुरती धावे. गिरणीपासून पालीतल्या आपल्या वखारीपर्यंत त्यानं हौसेनं स्वतःची टेलिफोनची तारही टाकली होती. त्या तारेच्या पालीकडच्या टोकाला, भिंतीवरच्या पेटीत तोंड घालून, तो आता उभा आहे. काल आला तो लेकीला, राहीला, सासरहून पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी न्यायला. पलीकडचं बोलणं तुम्हाला ऐकू यायचं नाही. महिपतशेठचं ऐका, तेवढं पुरे.

“दादू, ओरडू नको, तारेत नुसतं खरखरतंय. घरात जा आणि हिला बोलाव. … गिरणी बंद कर म्हटलं ना! पट्टा काढ. … भरडायचं राहिलं तर राहू दे. धाव, आधी हिला बोलाव.”

कानाची नळी घामानं निसटत होती. ती त्यानं धोतराच्या सोग्याला पुसली. भिंतीपलीकडच्या खोलीत राही कण्हली, आणि तो तिकडं बघायचं टाळून पेटीवरच्या पितळी घंटांकडं बघत राहिला.

“हॅलो? … हो, मीच. … नाही, पालीतच आहे. … अगो, निघालो होतो, परत आलो. … का म्हणजे… ऐक ना. आधी ऐक, मग बोल. राहीला पहाटेपासून कळा सुरू झाल्यात. … हो, आठवाच चाललाय, मला का ठाऊक नाही? … मी काय केलं? मी काही नाही केलं! … गाडीच्या धक्क्यानं नाही गो, गाडीत पाऊल टाकायच्या आधीपासूनच. … रडू नको. तू रडलीस तर मला काही सुचायचं नाही.”

“… सुईण आहे. ताजबीला आणलंय. … हो, तीच, मोहल्ल्यातली. मुसाची आई. … ती म्हणते मूल आडवं आहे. … आडवं! आडवं! … तपासलंन दोनदा. मला बाहेर बोलावलंन आणि म्हणालीन, माझ्या हातांनी होण्यासारखं असतं शेठ, तर तुला ओसरीवर विडी ओढत बसायला सांगितलं असतं. हे माझ्या हातचं नाही. दिवस मावळायच्या आत पोरीला रत्नागिरीच्या इस्पितळात डॉक्टरीणबाईच्या हवाली कर. … असं माझ्या डोळ्यांत बघून सांगितलंन गो.”

“मग काय म्हणजे? निघालो की तसाच! राहीला मागं निजवली, ताजबी उशाशी, जावईबापू पायाशी. मी चाक धरलं. बाजार संपला, पहिला चढ लागला… आणि थांबली. … राही नाही गो, गाडी! गाडी थांबली. … तिला आवाज आहे का, आधी कळायला? माणूस बोलता बोलता गप्प होतं ना, तशी मंदावत गेली. काटा पार तळाला. … मग मागं घसरायला लागली. … ब्रेक दाबला! दाबला ब्रेक! बाजारातली माणसं धावली, चाकांना दगड लावलेनी. … राही ओरडली तेव्हा. ते मी जन्मात विसरायचो नाही. … परत? बैल जुंपून आणली वखारीत. … हो, बैल जुंपून. हसले लोक. हसू देत.”

“… काय? … दुसरा जोड? बॅटऱ्यांचा? … अगो, तो दिवाळीतच मेला! त्यातलंच तेजाब सांडून माझं धोतर जळलं होतं ना? … हो, बोल. बोल आणखी. … तू सांगितलं होतंस, मान्य. … तेही मान्य. चढ आला की खाली उतरा आणि ढकला. रात्रभर इंजिन धडधडतं म्हणून शेजारी शिव्या घालतात. पावसाळा आला की ताडपत्रीखाली झाकून ठेवा. आणि एवढं सगळं करून रस्त्यात बैलगाडीवाला पुढं जाताना विचारतो, ‘काय शेठ, दोर देऊ का?’ … सगळं सगळं मान्य. हौस नडली मला. पण ते आत्ता नको ना. आत्ता सुचव काहीतरी.”

“बैलगाडी नको म्हणते ताजबी. एवढे गचके सोसायचे नाहीत, आणि पोचायला रात्र होईल. … डोली? भोई सगळे साखरप्याला लग्नाचं वऱ्हाड घेऊन गेलेत. … उतारूंची सर्व्हिस मोटर सकाळीच गेली, ती येणार दिवेलागणीला. … जावई गेलेत घोडं बघायला. … मीही म्हटलं घोड्यावर ती बसणार कशी, पण त्यांना उभं राहवेना म्हणून गेले.”

“… हे बघ, घाबरू नको. मी गाडी झाकून ठेवलीय सावलीत. जरा विसावली की काटा थोडा वर येतो, माझा अनुभव आहे. मघाशी बघितलं तर केसभर हलला होता. … केसभर म्हणजे केसभर. … अगो, चढ चढेल की नाही ते मी कसं सांगू! … आणखी थोडं थांबून बघतो. … अर्ध्या चढात थांबली तर काय, हे का मला कळत नाही? मला कळत नाही का?”

एवढं मोठ्यानं बोलला, की आतली ताजबी दारात येऊन उभी राहिली. पदरानं हात पुसत त्याच्याकडं बघून आत गेली.

“नाही, तुझ्यावर नाही ओरडलो. … काय म्हणालीस? … हो, परवा रात्रभर भरली होती. दादूनंच भरली. त्याला काही बोलू नको, त्याचा दोष नाही. … येताना निम्मी गेली, निम्मी राहिली. … हो, उरायला हवी होती. … कुठं गेली म्हणजे… वीज ती. उडते. … हवेनं. … नाही. हवेनं नाही.”

महिपतशेठनं कपाळ त्या लाकडी पेटीला टेकलं. कीर्तनात अष्टसात्त्विक भाव दाटून येणाऱ्या त्या माणसाच्या डोळ्यांत आता साधं, खारट पाणी होतं.

“ऐक. काल रात्री इथं देवळात बुवांचं कीर्तन होतं. … हो, भिकाजीबुवांचंच. मी पालीत आणि बुवा उभे राहणार, मग मी काय झोपून राहू? … आख्यान गजेंद्रमोक्षाचं. बुवांचा घसा आधीच बसलेला. आणि डोक्यावर त्या गॅसबत्त्या! नुसत्या फुसफुस, फुसफुस. तुला ठाऊक आहे ना, बुवा गजेंद्राचा टाहो किती हळू लावतात? नक्र पाय ओढतोय, सोंड बुडत आलीय, एक कमळ तेवढं पाण्याबाहेर… आणि ती मेली बत्ती फुसफुसतेय! मला राहवलं नाही. … हो. … हो, तेच केलं. गाडी देवळाच्या पायरीशी लावली, तारा आत ओढल्या. गिरणीसाठी आणलेले विजेचे दिवे पडले होते वखारीत, ते मंडपभर टांगले आणि बत्त्या विझवल्या. … अगो, काय तो उजेड सांगू! आवाज म्हणून नाही. बुवांचा श्वास शेवटच्या माणसाला ऐकू येत होता. राही अगदी पुढं बसली होती, पोटावर हात ठेवून. … कधीपर्यंत म्हणजे, आरती होईपर्यंत. … काटा बघितला नाही. … नाही बघितला. मला वाटलं… काय वाटलं सांगू? देवाच्या कामाला लावलेली वीज आपल्याला कमी कशी पडेल?”

“… हॅलो? … हॅलो? आहेस ना? … बोल काहीतरी. शिव्या दे, पण बोल.”

तार नुसती खरखरत राहिली. आत राहीनं दात आवळून एक कळ काढली; ती कळ संपेपर्यंत महिपतशेठनंही श्वास घेतला नाही.

“… हां, बोल. … आणखी कोणाची मोटर? पालीत? … नाही. … नाही म्हणजे, आहे. पण ती नको. … मुसाची लॉरी. … आहे, इथंच बाजारात उभी आहे. सुकटीच्या गोणी घेऊन घाटावर निघालाय तो. … अगो, वासाचं काय घेऊन बसलीस, वास चालेल! … भाड्याचाही प्रश्न नाही. … त्याच्यापुढं जायला तोंड नाही मला. … काय केलं म्हणजे… कालचंच. कीर्तनातलंच.”

“सांगतो ना. … गजेंद्र हाक मारतो, देव निघतो, पण गरुडसुद्धा त्याला हळू वाटतो. वाहन टाकून देव अनवाणी धावतो. तिथं बुवा झांजा, मृदंग सगळं थांबवतात ना? नुसती दोन पावलं वाजवतात. सगळा मंडप कान लावून बसलेला… आणि नेमकी तेव्हा मुसाची लॉरी आली. धडधड, धडधड! धूर थेट मंडपात. बुवांना ठसका लागला. … मी उठलो. हो, मीच उठलो, दुसरं कोण उठणार! बाहेर जाऊन सगळ्यांदेखत म्हटलं, बंद कर तुझा खटारा. … केलान बंद. लगेच. ‘चुकलं शेठ, कीर्तन चाललंय ठाऊक नव्हतं,’ असंही म्हणालान. … तेवढ्यावर मी थांबायचं ना! नाही थांबलो. म्हटलं, इथं पुन्हा सुरू करायचा नाही, देवळापलीकडं ढकलत ने. … भरलेली होती. … तो आणि त्याचा भाऊ नझीर, दोघंच. चढ आहे गो तिथं. पाय घसरत होते त्यांचे. मी पायरीवर उभा होतो, माझ्या गाडीच्या उजेडात. कोणी हात लावायला उठला तर मी बघितलं त्याच्याकडं, तो बसला खाली. … आणि मला बरं वाटत होतं. खरंच सांगतो, कीर्तनातून उठून आलो होतो आणि मला बरं वाटत होतं.”

“… हो, त्याचीच आई. … आली की! अंधार होता अजून. जावयांनी दाराशी हाक मारली, ती चपला न घालता तशीच आली. कालचा एक शब्द काढला नाहीन. काढला असता तर हलकं वाटलं असतं मला. … थांब. थांब जरा, ताजबी बाहेर आली. … काय ताजबी? … हं. … हं.”

“… अगो… पाणमोट फुटली म्हणते. आता बसून राहायचं नाही म्हणते.”

त्याचं कोपर पेटीला लागलं, आणि घंटा उगाचच किणकिणल्या.

“जातो. … जातो म्हटलं ना! … पाय धरीन त्याचे. भर बाजारात धरीन. … नाही म्हणाला तर? … नाही म्हणाला तर त्याचं चुकलं असं मला म्हणता यायचं नाही. … तू ठेव आता. तू इस्पितळात जा… नाही, थांब, ठेवू नको. बाहेर काहीतरी चाललंय. माणसं जमलीत दारात.”

नळीची दोरी आखूड. ती कानाशी धरून तो जमेल तेवढा खिडकीकडं वाकला.

“अगो! … लॉरी. … मुसाची लॉरी, वखारीच्या दारात येतेय. … आवाज नाही म्हणून तर मला कळलं नाही! इंजिन बंद आहे. ढकलत आणतायत. … मुसा पुढं खांदा लावून, नझीर, बाजारातले हमाल… आपले जावईही आहेत! … रिकामी आहे. सुकट? सुकट नाही आत. … ती बघ तिकडं, रस्त्याच्या कडेला गोणी टाकल्यात सगळ्या. कावळे बसलेत त्यावर. … तळाला कोरा पेंढा घातलाय हातभर, वर गोधड्या. रझियाच्या असणार, त्याच्या बायकोच्या; ठिगळं ओळखतो मी. … नाही, मी नाही बोलावलं! मी केव्हाचा तुझ्याशीच बोलतोय ना! मी इथं भिंतीशी ‘तोंड नाही, तोंड नाही’ करत होतो, आणि तिकडं तो गोणी उतरवत होता.”

“… ढकलत का? … विचारतो. मुसाभाई! अरे, ढकलत का आणलीस रे? … … तो म्हणतो, पोरीला आधी आत नीट निजू दे. दाराशीच धडधडलं तर दचकेल, धूर जाईल तिच्या नाकात. … हो गो, असंच म्हणालान. एवढंच म्हणालान.”

“राहीला आणतायत. … हो, शुद्धीत आहे. डोळे उघडे आहेत. … बाय माझी, घाबरू नको हां, आईशीच बोलतोय मी. आई येतेय तिकडं, इस्पितळात. … ऐकलंस? ऐकलंस का? तुला हाक मारलीन. … मोठ्यानं नाही, पण ‘आई’ म्हणाली. … निजवली. ताजबी चढली. … कोण? मुसा? ये, आत ये. काय रे? … …”

“… अगो, थांब. … तो विचारतो… तो विचारतो, ‘शेठ, इंजिन इथंच सुरू करू, की देवळापलीकडं ढकलत नेऊ?’”

तो टोमणा होता की साधा प्रश्न, हे महिपतशेठला पुढं आयुष्यभर उमगलं नाही. मुसाच्या तोंडावरून तर काहीच कळत नव्हतं. कपाळावर घाम, खांद्याला सुकटीचा चुरा.

“इथंच कर मुसाभाई! इथंच कर! देवळासमोरून भोंगा वाजवत ने! देवाला ठसका लागला तर लागू दे! … हॅलो? काय म्हणतेस? … मोठ्यानं बोल, हँडल मारतोय तो. … नाही लागलं. … पुन्हा मारतोय. … देवा रे. … पुन्हा. … लागलं! लागलं गो! ऐकतेस? ऐकतेस का तो आवाज? … अगो, हाच, हाच आवाज! … हो, मी मागंच बसतो, पेंढ्यात. … माझी गाडी? राहील इथं. … कोण घेणार तिला विकत, वेडी का तू! … तू नीघ आता. दादूला बरोबर घे, डॉक्टरीणबाईंना एवढंच सांग, मूल आडवं आहे, पाणमोट फुटलीय, लॉरी वाटेत आहे. … आणि हे बघ, एक राहिलं. निघताना देवापुढं दिवा लाव. राहीसाठी तू मागशीलच, ते सांगायला नको. पण तिच्या आधी… आधी नाव घे ते… हॅलो? … नाव घे म्हटलं… त्याचं… हॅलो? … हॅलो?”

तार मेली ती तिथंच. नळी भिंतीवर लोंबकळत राहिली, आणि बाहेर लॉरी देवळावरून भोंगा वाजवत गेली ती सगळ्या पालीनं ऐकली.

राहीला मुलगी झाली, रत्नागिरीत, दिवस मावळायच्या आत. दोघी सुखरूप. मुकी मोटर पालीच्या वखारीतच राहिली. तिच्या गादीवर कोंबड्या अंडी घालू लागल्या. देवळात पुन्हा गॅसबत्ती आली. ही बघा, आत्ताही डोक्यावर फुसफुसतेय, आणि महिपतशेठ खांबाशी बसलेत, काही म्हणत नाहीत. पण ते जे नाव त्यांनी दिव्यापुढं घ्यायला सांगितलं, ते त्या दिवशी त्यांच्या बायकोच्या, तुळसाबाईंच्या, कानापर्यंत पोचलंच नाही. तुमच्या कानापर्यंत पोचलंय. बुवा उठले, टाळ घ्या हातात. आज आख्यान गजेंद्राचंच आहे. देव गरुडावरून उडी टाकून अनवाणी धावेल ना, त्या क्षणी, घटकाभर, मुसाची आठवण ठेवा.